नेटवर्क कार्डांना नावं ठेवली त्याची गोष्ट

शनिवारी संध्याकाळी चालू सर्व्हरला हात लावायचा नसतो हे मला चांगलं माहीत होतं. तरी लावला, कारण काम दहा मिनिटांचं होतं. दहा मिनिटांच्या कामांनीच माझे सगळे शनिवार खाल्लेत.

साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी नेटवर्क बघते. नेटवर्क म्हणजे सगळंच, प्रिंटरमधे कागद अडकला तरी मलाच हाक मारतात. कॉलेज आणि हॉस्टेल दोघांचं इंटरनेट एकाच पीसीमधून जातं. असेंबल केलेला साधा पीसी, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते ठरवणारी फायरवॉल आणि प्रत्येक पीसीला आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वाटणारं डीएचसीपी, सगळं त्यावरच. मदरबोर्डवर रिअलटेकचे दोन पोर्ट आणि वर इंटेलचं चार पोर्टचं कार्ड, सेकंडहँड घेतलेलं पण दणकट. मदरबोर्डवरचा एक पोर्ट कॉलेजच्या लॅनला म्हणजे आतल्या नेटवर्कला, दुसरा लीज लाइनला म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटला, इंटेलचा पहिला पोर्ट हॉस्टेलला, बाकीचे तीन रिकामे. डेबियनने दिलेली नावं तशीच होती. लॅन म्हणजे ईएनपी२एस०, लीज लाइन म्हणजे ईएनपी३एस०, हॉस्टेल म्हणजे ईएनपी१एस०एफ०. ही नावं बघितली की नवीन माणूस घाबरतो पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस नंबर ३ (मदरबोर्डवर कार्डं ज्या रस्त्याला जोडतात ती बस), एस० म्हणजे त्या बसवरचा स्लॉट ०, आणि एफ म्हणजे एकाच कार्डावरचा कितवा पोर्ट. वायफाय असेल तर सुरुवातीला डब्ल्यूएल येतं. बास, एवढंच.

तर त्या शनिवारी लॉग ठेवायची जुनी हार्डडिस्क कुरकुरायला लागली म्हणून मी एम.२ वाली एसएसडी आणली होती. पीसी बंद केला, एसएसडी खोचली, एक स्क्रू, चालू केला. लॉगिन आलं. मी खूश. आणि पाचव्या मिनिटाला हॉस्टेलच्या रेक्टरांचा फोन, "मॅडम, वायफाय कनेक्टेड दाखवतंय पण काही उघडत नाहीये, आणि मॅच चालू आहे." मॅच चालू आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गंमत म्हणजे ऑफिसातली लक्षणं वेगळी होती. हॉस्टेलच्या पोरांना आयपी मिळत होता पण नेट नव्हतं, ऑफिसच्या पीसींना आयपीच मिळत नव्हता, सगळ्यांवर १६९.२५४ चालू झालेलं, म्हणजे डीएचसीपी सापडलं नाही की पीसी स्वतःच घेतो तो पत्ता. मला वाटलं एसएसडी बसवताना केबलला धक्का लागला असणार. केबल काढल्या, फुंकर मारली (का मारतो आपण फुंकर कोण जाणे), परत लावल्या. काही नाही. मग म्हटलं दोन केबलची अदलाबदल करून बघू, आणि इथं मी फसले, कारण अदलाबदल केल्यावर सर्व्हरवरून बाहेर पिंग जायला लागला. म्हणजे लाइन चालू! मग ऑफिसला का नाही? अर्धा प्रॉब्लेम सुटला असं समजून पुढची वीस मिनिटं मी डीएचसीपीच्या मागे लागले, जिथं काहीच बिघडलेलं नव्हतं.

शेवटी मॉनिटर लावून 'आयपी लिंक' या कमांडचं आउटपुट नीट वाचलं. ईएनपी२एस० नावाचं काही नव्हतंच. ईएनपी३एस० होतं आणि ईएनपी४एस० नावाचं एक नवीनच. आणि ईएनपी३एस०चा मॅक ॲड्रेस (प्रत्येक पोर्टचा स्वतःचा नंबर) बघितला तर तो लॅनच्या पोर्टचा. लीज लाइनवाला आता ईएनपी४एस० झालेला आणि त्याला बिचाऱ्याला कुठल्याच फाइलमधे जागा नव्हती.

म्हणजे झालं काय, चाळीत खोल्यांना जिन्यापासून मोजून नंबर दिलेत असं समजा. मधे कोणी नवीन खोली काढली की पुढच्या सगळ्यांचे नंबर एकाने सरकले. माणसं तीच, खोल्या त्याच, पण पोस्टमन तीन नंबरचं पत्र दोन नंबरवाल्याच्या दारात टाकून गेला. माझी एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, तीही पीसीआयवरच बसते, तिने बस नंबर २ घेतला, आणि मागचे दोन्ही रिअलटेक एकेक पुढे सरकले. इंटेलचं कार्ड तिच्या आधी मोजलं जातं म्हणून ते जागेवर राहिलं, म्हणून हॉस्टेलला आयपी मिळत होता. लीज लाइनचा पब्लिक आयपी सर्व्हरने इमानदारीत ईएनपी३एस०ला दिला, जो आता लॅनचा पोर्ट होता. नुसतं नाव बदललं असतं तर परवडलं असतं, इथं एकाचं नाव दुसऱ्याला गेलं होतं.

पण खरा घाम नंतर फुटला. हॉस्टेलचं नेट का गेलं याचं उत्तर लॉगमधे होतं, फायरवॉल लोडच झाली नव्हती, आणि हॉस्टेलचा ट्रॅफिक पब्लिक आयपीवरून बाहेर काढणारा नियमही तिच्यातच होता. माझ्या एनएफटेबल्सच्या, म्हणजे फायरवॉलच्या नियमांच्या, फाइलमधे पॅकेट कुठून आलं ते सांगायला मी सगळीकडे 'आयआयएफ' वापरलं होतं. आयआयएफ हे नियम लोड होतानाच इंटरफेस म्हणजे तो पोर्ट शोधतं, आणि फाइलमधल्या एका ओळीत जरी चूक निघाली तरी अख्खी फाइल नाकारली जाते, अर्धी घेतली जात नाही. ईएनपी२एस० सापडलं नाही, फाइल गेली, नियम शून्य. आणि मी काय केलं होतं? केबलची अदलाबदल करून लीज लाइन बरोबर त्याच पोर्टला लावली ज्याच्याकडे पब्लिक आयपी होता. म्हणजे वीस मिनिटं हे मशीन कुठलीही फायरवॉल नसताना उघड्यावर बसलं होतं आणि एसएसएचला, म्हणजे लांबून लॉगिन करायला, पासवर्ड चालत होता. नंतर लॉगमधे बघितलं तर तेवढ्यात बाहेरून कुणीकुणी लॉगिन करायचे प्रयत्न केलेले होते, कोणी आत आलं नव्हतं. त्या रात्री मी एसएसडी काढली, सगळं होतं तसं झालं, मॅचचे शेवटचे काही ओव्हर पोरांना मिळाले, आणि मी घरी जाऊन जेवले नाही.

रविवारी डोकं शांत झाल्यावर विचार केला की ही नावं तर 'प्रेडिक्टेबल' म्हणून आणली होती ना? जुने दिवस मी बघितलेत. तेव्हा इथ०, इथ१ असायचं, कर्नलला म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला जे कार्ड आधी सापडेल ते इथ०. एक कार्ड असेल तर मजा, दोन असली की लॉटरी. मग यूडेव्ह (हार्डवेअर ओळखून नाव देणारा लिनक्सचा भाग) एका रूल्स फाइलमधे मॅक ॲड्रेस आणि नाव लिहून ठेवायला लागलं, त्यात वेगळीच गंमत. व्हर्च्युअल मशीनची कॉपी केली की नवीन मॅक मिळायचा, फाइलमधे इथ० जुन्याच्या नावावर, म्हणून नव्याला इथ१, आणि आपण बसलोय इथ० का येत नाही म्हणून. सेंटओएस ६ (आणखी एक लिनक्स) वर हे मी इतक्यांदा केलंय की ती फाइल डोळे मिटून डिलीट करता यायची. डेलचं बायोसडेव्हनेम होतं, ईएम१, पी१पी१ अशी नावं द्यायचं. मग जानेवारी २०१३ मधे सिस्टीमडी (लिनक्सच्या सगळ्या सर्व्हिस चालू करणारा प्रोग्राम) १९७ आलं त्यात सध्याची पद्धत आली.

ती पद्धत वाईट नाही, मी तिला दोष देत नाहीये. ती क्रमाने विचारते, बायोस सांगतो का की हा ऑनबोर्ड नंबर १? सांगितलं तर ईएनओ१. नाहीतर हॉटप्लग स्लॉटचा नंबर, ईएनएस काहीतरी. तेही नसेल तर पीसीआयचा पत्ता, ईएनपी. माझ्या स्वस्त मदरबोर्डचा बायोस ऑनबोर्ड पोर्टबद्दल मूग गिळून बसतो म्हणून मला ईएनपी मिळालं होतं. (काही बायोस बोलतात ते त्याहून वाईट. सेंटओएस ७ व्हीएमवेअरवर टाकलं की ईएनओ१६७७७७३६ असलं नाव यायचं ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल.) आणि 'प्रेडिक्टेबल' म्हणजे काय, तर हार्डवेअर आहे तसंच असेल तर प्रत्येक बूटला तेच नाव येईल. हार्डवेअर घातलं-काढलं तरी नाव टिकेल असं सिस्टीमडीवाले म्हणतात, पण फर्मवेअर साथ देईल तेवढंच, आणि ती अट मी सोयीने विसरून चालले होते.

पुण्याच्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "कर्नलच्या ओळीत नेट.आयएफनेम्स=० टाक आणि मोकळी हो, परत इथ०, इथ१." हा सल्ला बऱ्याच जणांकडून मिळतो आणि एकच कार्ड असेल तर मीही देते. पण माझ्याकडे दोन वेगवेगळे ड्रायव्हर, रिअलटेकचा एक आणि इंटेलचा एक, कोण आधी लोड होईल ते त्या दिवसाच्या मूडवर. हौस म्हणून एका स्पेअर पीसीवर तशीच दोन कार्डं लावून सहा वेळा बूट केला. पाच वेळा एकच क्रम आला, सहाव्या वेळी उलटा. सहाही वेळा उलटसुलट आलं असतं तरी बरं, पाच वेळा सरळ येऊन सहाव्यांदा फसवणारी गोष्ट जास्त घातक.

मग राहिलं एकच, नाव मीच द्यायचं. आणि तिथं आधी ठरवायला लागतं की नाव बांधायचं कशाला. जागेला बांधलं, म्हणजे पीसीआयच्या पत्त्याला, तर कार्ड मेलं आणि त्याच जागी दुसरं बसवलं तरी नाव राहतं, पण माझ्यासारखी एसएसडी घातली की गेलं. मॅकला बांधलं तर कार्ड कुठल्याही स्लॉटमधे हलवा, नाव त्याच्याबरोबर जातं, पण कार्ड बदललं की फाइल बदलायला लागते. डेटा सेंटरमधे एकसारखे दोनशे सर्व्हर असतील तर जागाच बरोबर. माझ्याकडे एक डबा आहे ज्यात दर वर्षी काहीतरी घातलं नाहीतर काढलं जातं, कार्ड मात्र क्वचित मरतं. मी मॅक घेतला.

नाव काय द्यायचं यावर ऑफिसात जेवताना चर्चा झाली आणि ती जरा वाहवत गेली. अकाउंटंट म्हणाले लाइन ज्या कंपनीची आहे तिचं नाव द्या. मी म्हटलं कंपनी तीन वर्षांत दोनदा बदललीय, नाव राहील आणि कंपनी जाईल, मग नवीन माणूस ते नाव वाचून भलत्याच कस्टमर केअरला फोन करेल. लॅब असिस्टंट म्हणाला केबलच्या रंगावरून, लाल० आणि निळा०. हे मला जवळजवळ पटलं होतं पण मग आठवलं की गेल्या वेळी दुकानात फक्त राखाडी केबल होत्या. प्रशासकीय इमारतीचं पूर्ण नाव लिहावं अशी एक सूचना आली पण लिनक्समधे इंटरफेसचं नाव १५ बाइटच्या, म्हणजे १५ इंग्रजी अक्षरांच्या, पुढे जात नाही. देवनागरीत ठेवायची हुक्की मला आली होती, पण यूटीएफ-८ मधे आपलं एक अक्षर तीन बाइटचं, काना-मात्रा वेगळे धरायचे, म्हणजे 'ग्रंथालय' सुद्धा बसत नाही.

या १५ वरून एक आठवलं. परीक्षेच्या वेळी तात्पुरता एक यूएसबीचा लॅन ॲडॉप्टर लावला होता. त्याला नाव मिळतं ते ईएनएक्स आणि पुढे अख्खा मॅक ॲड्रेस, तीन अधिक बारा बरोबर पंधरा, काठोकाठ. त्यावर व्हीलॅन (एकाच पोर्टवर वेगळं काढलेलं नेटवर्क) काढायला गेले, म्हणजे नावापुढे टिंब आणि १०, तर नाव लांब झालं म्हणून एरर. तेव्हा अर्धा तास गेला होता आणि मी ॲडॉप्टरला शिव्या दिल्या होत्या. म्हणून आता नाव लहान ठेवायचं, पुढे टिंब आणि व्हीलॅनचा नंबर बसायला जागा सोडायची, हे पक्कं. शेवटी कामावरून नावं ठेवली, बाहेरच्या लाइनला वॅन०, कॉलेजला क्लग०, हॉस्टेलला हॉस०, आणि एक वॅन१ राखून ठेवलं कारण त्या शनिवारनंतर प्राचार्य सरांनी बॅकअप लाइन मंजूर करून टाकली (मॅचचा परिणाम, मी काही बोलले नाही). इथ ने सुरू होणारं नाव मुद्दाम टाळलं, कारण कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो, आपण एकाला इथ० म्हणायला जावं तर ते नाव आधीच दुसऱ्याने घेतलेलं असतं.

करायचं तसं सोपं आहे. ईटीसीमधे सिस्टीमडी, त्यात नेटवर्क, त्या फोल्डरमधे प्रत्येक पोर्टची एक .लिंक फाइल. वरती 'मॅच' म्हणजे कार्ड कुठलं ते, खाली नाव, चार ओळी. पण मी त्यातही दोन ठिकाणी आपटले. पहिल्यांदा फाइल लिहून रीबूट केलं तर नावं जुनीच. बूटच्या सुरुवातीला जी छोटी इनिटरॅमएफएस चालते तिच्यात माझ्या फाइल नव्हत्या, आणि नावं तिथंच देऊन झालेली असतात. अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं आणि मग झालं. दुसरं, मी मॅचमधे नुसतं मॅकॲड्रेस लिहिलं होतं, आणि क्लग०वर काढलेल्या व्हीलॅनचा मॅकही तोच असतो, त्यामुळे यूडेव्ह त्यालाही क्लग० म्हणायला गेलं आणि लॉगमधे बोंब. मॅकॲड्रेसच्या जागी परमनंटमॅकॲड्रेस लिहिलं, म्हणजे कार्डात फॅक्टरीतून आलेला मॅक बघायचा, मग ते थांबलं. कुठला मॅक कुठल्या भोकाचा हे शोधायला इथटूल -पी मस्त आहे, पोर्टचा दिवा लुकलुकतो. इंटेलच्या कार्डावर चाललं, रिअलटेकवर नाही, तिथं एकेक केबल काढून कोण डाउन होतं ते बघितलं.

नावं दिल्यावर खरं काम सुरू. जुनी नावं कुठंकुठं लिहिलीत ते ग्रेप करून, म्हणजे सगळ्या फाइलमधे शोधून, काढलं. नेटवर्कची फाइल, फायरवॉल आणि डीएचसीपी धरलेच होते, पण रात्री बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमधे, महिन्याच्या डेटा वापराच्या रिपोर्टमधे, आणि माझ्या आधीच्या माणसाने क्रॉनमधे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) टाकलेल्या एका ओळीत पण होती, जी काय करते ते कोणालाच माहीत नव्हतं. ती ओळ बंद केली, अजून कोणाची तक्रार नाही. फायरवॉलमधे सगळीकडे आयआयएफ काढून आयआयएफनेम केलं, ते नुसतं नाव जुळवतं, इंटरफेस नसला तरी फाइल लोड होते. हे खरं तर नावांच्या आधी करायला हवं होतं. आणि एसएसएचचा पासवर्ड बंद केला, ते तर कधीच करायला हवं होतं.

मग पुढच्या रविवारी, दिवसाउजेडी, रेक्टरांना आधी सांगून, एसएसडी घातली, बूट केला, काढली, बूट केला, इंटेलचं कार्ड दुसऱ्या स्लॉटमधे टाकून बूट केला. वॅन० ते वॅन०. प्रत्येक पोर्टवर स्टिकर लावले, रिकाम्यांवर 'मोकळा' असं लिहिलं आणि त्यांचे मॅक एका कागदावर लिहून रॅकच्या दारावर आतून चिकटवले.

नावांची लागण झाली की थांबत नाही. कॉलेजातल्या नेटवर्क स्विचना (केबल एकत्र जोडणारे डबे) माझ्या आधीच्या माणसाने किल्ल्यांची नावं दिली होती, साताऱ्यात हे होणारच. अजिंक्यतारा मुख्य स्विच, सज्जनगड लायब्ररीत, इथवर ठीक. पण कॉमर्स बिल्डिंगमधे एकाच मॉडेलचे दोन स्विच, त्यांची नावं चंदन आणि वंदन. खरे किल्ले समोरासमोर उभे राहून बघितले तरी लोकांचा गोंधळ होतो, इथं तर रॅकमधे एकावर एक. एकदा चंदन बंद करायचा म्हणून वंदन बंद केलाय मी, परीक्षा विभागात. ऑगस्ट १९९० चं आरएफसी ११७८ (इंटरनेटवाल्यांच्या नंबर दिलेल्या टिपणांपैकी एक) आहे, कॉम्प्युटरला नाव कसं द्यावं यावर, त्यात स्वतःचं नाव देऊ नका, एखाद्या प्रोजेक्टचं देऊ नका, एका थीममधली नावं घ्या असं लिहिलंय. सर्व्हरला ते अजून लागू पडतं, सर्व्हर आज इथं उद्या तिथं, काम बदलतं, त्यामुळे बॅकअप सर्व्हरचं प्रतापगड मी तसंच ठेवलंय. पण स्विच भिंतीला खिळलेला असतो आणि मला त्याच्याबद्दल एकच प्रश्न पडतो, कुठं धावू? म्हणून तिथं जागेचं नाव, इमारत, मजला, नंबर. वायफायच्या ॲक्सेस पॉइंटलाही तसंच, आधी एकाचं नाव 'प्रिन्सिपल' होतं आणि तो दोन वर्षांपासून स्टाफरूमच्या बाहेर होता. पोर्टला काम, स्विचला जागा, सर्व्हरला किल्ला, एकाच बाईने तीन पद्धती ठेवल्यात म्हणून मित्र हसतो. हसू दे.

या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली, कॉलेजवर नाही, जवळच कुठंतरी. मी लग्नाला कराडला. लॅब असिस्टंटचा फोन, "मॅडम, वॅन-झिरोचा दिवाच लागंना." केबल बदलून बघितली होती त्याने, लाइनवाल्यांच्या डब्याचा दिवा लागत होता, म्हणजे आपला पोर्टच गेला. त्याला म्हटलं केबल इंटेलच्या तिसऱ्या पोर्टला लाव, मोकळा लिहिलंय तिथं, आणि दारावरच्या कागदावरून त्याचा मॅक वाच. मांडवात एका कानावर हात धरून मी तो लिहून घेतला, सनईवाले अगदी मागेच. मोबाइलवरून बॅकअप लाइनने आत शिरले, वॅन०च्या लिंक फाइलमधे मॅकची ओळ बदलली, इनिटरॅमएफएस केलं (यावेळी विसरले नाही), रीबूट. फायरवॉलला हात नाही, स्क्रिप्टला हात नाही. अक्षता पडायच्या आत लाइन वर.

सोमवारी जाऊन बघितलं तर पठ्ठ्याने स्टिकर पण हलवले होते. वॅन० चा नवीन पोर्टवर, आणि त्या पोर्टवरचा 'मोकळा' मेलेल्या पोर्टवर. मी पेन काढून त्यावर फुली मारली.